पदवीनंतरचे वर्ष : डॉ. आनंदीबाई जोशी

परदेशात जाऊन वैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव शाळेच्या पुस्तकापासून सगळ्यांना ठाऊक असते. बालविवाह, हट्टी नवरा, समुद्रप्रवास, अमेरिका, पदवी आणि अकाली मृत्यू, एवढ्या टप्प्यांत त्यांची कथा सांगून संपते. पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी आणि मृत्यू आला २६ फेब्रुवारी १८८७ रोजी. या दोन तारखांमध्ये पुरते एक वर्षही नाही. त्या वर्षाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. डॉक्टरकीच्या शिक्षणाच्या दृष्टीने तेच वर्ष फार महत्त्वाचे होते. त्या वर्षात आनंदीबाई दोन जागांच्या वाटेवर होत्या. एक जागा शिकण्यासाठी होती, बोस्टनच्या इस्पितळात. दुसरी काम करण्यासाठी होती, कोल्हापूरच्या इस्पितळात.

मोहाडी-तुमसरकडच्या एखाद्या घरातला मुलगा किंवा मुलगी एमबीबीएस झाली की गावात पेढे वाटले जातात. गावाच्या दृष्टीने तो डॉक्टर झालेला असतो. घरच्यांना मात्र लवकरच कळते की अजून बरेच बाकी आहे. आधी एक वर्षाची इंटर्नशिप, मग पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा, मग कॉलेजांची आणि विषयांची पसंतीयादी भरणे, मग फेऱ्यांमागून फेऱ्या. नागपूरचे मेडिकल मिळते की मेयो, मेडिसिन मिळते की दुसरेच काही, यावर सगळ्या घराचे लक्ष असते. जागा मिळाली की तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून इस्पितळातच मुक्काम. बाहेरच्या माणसाला वाटते, पदवी मिळाल्यावर एवढा आटापिटा कशासाठी? याचे उत्तर साधे आहे. पुस्तकातून रोग समजतो, पण रोगी समजतो तो वॉर्डात. पोटावर हात ठेवून नेमके काय लागते आहे, बाळंतिणीचे रक्त किती गेले म्हणजे धावपळ करायची, कोणता ताप उद्यापर्यंत थांबू शकतो आणि कोणता थांबू शकत नाही, हे अनुभवी डॉक्टरच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. म्हणूनच जगभर पदवी आणि स्वतंत्र व्यवसाय यांच्यामध्ये वॉर्डातल्या कामाचा काळ ठेवलेला आहे.

आनंदीबाईंच्या काळी हा काळ सक्तीचा नव्हता. स्त्री डॉक्टरांसाठी तर वॉर्डाची दारे जवळजवळ बंदच होती. तरीही त्या वॉर्डात शिकायला गेल्या, हे त्यांच्या चरित्रातले लक्षात ठेवण्याजोगे पान आहे.

यमुनेची आनंदी

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी, माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायको शिकलीच पाहिजे हा त्यांचा ध्यास. त्या काळात नवरे बायकोला शिकते म्हणून मारीत. गोपाळराव शिकत नाही म्हणून रागावत. प्रसंगी मारहाणही झाली. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी त्या दिवसांची आठवण स्पष्टपणे करून दिली आहे. त्यांचे शिक्षण गोपाळरावांमुळे सुरू झाले हे खरे, तसेच त्याची किंमत त्यांनी लहान वयात मोजली हेही खरे.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर बाळ वाचले असते असे त्यांना वाटत राहिले. बाळंतपणात आणि बाळाच्या पहिल्या दिवसांत जाणती वैद्यकीय मदत नसणे ही त्या वेळी घरोघरची गोष्ट होती. पुरुष डॉक्टरपुढे जायचे नाही, स्त्री डॉक्टर कुठे नाही, आणि सुईणीच्या हातात जेवढे असेल तेवढेच. स्त्रियांसाठी डॉक्टर व्हायचे हा आनंदीबाईंचा निश्चय या अनुभवातून आला.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. कोल्हापुरात असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, अशी विचारणा एका मिशनऱ्याकडे केली. ती पत्रे अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी १८८० मध्ये दंतवैद्याकडे बसलेल्या असताना ते मासिक चाळले, पत्र वाचले आणि आनंदीबाईंना लिहिले. ओळखदेख नसलेल्या या दोन स्त्रियांमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला आणि मावशी-भाचीचे नाते जुळले. पुढे अमेरिकेत आनंदीबाईंना हक्काचे घर मिळाले ते याच मावशींचे.

जाण्याआधी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. अमेरिकेला का जायचे, इथे शिकता येणार नाही का, एकटीने का, धर्म बुडणार नाही का, असे लोक विचारीत होते. त्या सगळ्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन हे त्यांनी तिथेच सांगून टाकले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव सोबत नव्हते. वय होते अठरा.

पहिला अर्ज

पेनसिल्व्हानियाचे स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज १८५० मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाले होते. केवळ स्त्रियांना वैद्यकाची पदवी देण्यासाठी निघालेल्या जगातल्या अगदी पहिल्या कॉलेजांपैकी ते एक. तिथल्या प्रवेशासाठी आनंदीबाईंनी २८ जून १८८३ रोजी अर्ज लिहिला. आजच्या अर्जांत गुण, टक्केवारी, प्रमाणपत्रे यांचे रकाने असतात. आनंदीबाईंकडे यातले काहीच नव्हते. कोणत्याही मोठ्या शाळेचा दाखला नव्हता. त्यांनी आपले वय, आपली तयारी आणि आपली अडचण सरळ मांडली. पूर्वतयारी कमी पडत असेल तर आपल्या हेतूकडे पाहून सवलत द्यावी अशी विनंती केली. हेतू असा की, पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या स्त्रियांना खरी वैद्यकीय मदत मिळावी. कॉलेजच्या अधिष्ठाता डॉ. रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला आणि तीन वर्षांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्तीही मंजूर झाली.

अर्ज कसा लिहावा हे शिकवणाऱ्यांनी हा अर्ज जरूर पाहावा. त्यात बढाई नाही आणि रडगाणेही नाही. आपल्याकडे काय आहे, काय नाही आणि शिकून काय करणार, एवढेच त्यात आहे.

फिलाडेल्फियाची तीन वर्षे कष्टाची गेली. शरीरशास्त्र, शवविच्छेदन, रसायनशास्त्र, औषधे, प्रसूतीशास्त्र, सगळे इंग्रजीतून. हिवाळा कडक. आनंदीबाई नऊवारी सोडायला तयार नव्हत्या आणि मांसाहार करायलाही. त्या थंडीत लुगडे पुरेसे नव्हते आणि परक्या स्वयंपाकघरात शाकाहाराने पोट भरणे कठीण होते. डोकेदुखी, अशक्तपणा आणि ताप यांच्या तक्रारी वाढत गेल्या. अभ्यास मात्र चालू राहिला. हिंदूंमधील प्रसूतीशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांत गर्भिणी आणि बाळंतीण यांच्याविषयी काय सांगितले आहे, ते त्यांनी अमेरिकेतल्या परीक्षकांपुढे मांडले. त्याच कॉलेजात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली या विद्यार्थिनी होत्या. आपापल्या देशाच्या पोशाखात या तिघींनी १८८५ मध्ये काढलेला फोटो आजही प्रसिद्ध आहे.

११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभाला गोपाळराव हजर होते. आनंदीबाईंच्या नात्यातल्या पंडिता रमाबाईही खास इंग्लंडहून आल्या होत्या. एकविसावे वर्ष पुरे व्हायला वीस दिवस बाकी असताना आनंदीबाई डॉक्टर झाल्या.

वॉर्डाचे दार

पदवी मिळाली तरी प्रश्न तोच होता जो आजच्या इंटर्नपुढे असतो. आता हाताखाली शिकायचे कुठे?

त्या काळी अमेरिकेत व्याख्याने ऐकून आणि परीक्षा देऊन वैद्यकाची पदवी घेता येत असे. वॉर्डात राहून शिकणे ही वेगळी गोष्ट होती. मोठ्या इस्पितळांत अशा थोड्याच जागा असत, आणि त्या पुरुषांना मिळत. फिलाडेल्फिया हे स्त्रियांच्या कॉलेजचे शहर, पण तिथल्याच वैद्यकीय संघटनेने १८५८ मध्ये आपल्या सभासदांना स्त्री डॉक्टरांशी व्यावसायिक सल्लामसलत करण्यास मनाई केली होती. नोव्हेंबर १८६९ मध्ये याच कॉलेजच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हानिया हॉस्पिटलमध्ये रोगी पाहून शिकण्यासाठी गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, हुर्यो उडवली आणि त्यांच्या अंगावर कागदाचे गोळे फेकले. विद्यार्थिनी जागच्या हलल्या नाहीत. वर्तमानपत्रांत त्या प्रकाराची चर्चा झाली आणि पुष्कळ लोकांनी विद्यार्थिनींची बाजू घेतली. पण वॉर्डात राहून काम करण्याची जागा त्याने लगेच मिळाली असे नाही.

याआधीची कथा आणखी बिकट आहे. अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल. १८४९ मध्ये पदवी घेऊन त्या वॉर्डातले काम शिकायला पॅरिसला गेल्या. तिथल्या मोठ्या प्रसूतिगृहाने त्यांना घेतले ते डॉक्टर म्हणून नव्हे. सुईणपण शिकणाऱ्या मुलींबरोबर त्यांना राहावे लागले. तिथे एका तान्ह्या बाळाचे डोळे धुताना जंतुसंसर्ग होऊन त्यांचा एक डोळा कायमचा गेला आणि शल्यचिकित्सक होण्याची इच्छा सोडून द्यावी लागली. न्यूयॉर्कला परतल्यावर कोणतेही इस्पितळ त्यांना जागा देईना. तेव्हा १८५७ मध्ये त्यांनी गरीब स्त्रिया आणि मुलांसाठी स्वतःचेच इस्पितळ काढले.

त्या इस्पितळात त्यांच्यासोबत काम करणाऱ्या डॉ. मेरी झाक्रशेव्स्का या मूळच्या बर्लिनच्या. तिथल्या शारिते इस्पितळात त्या लहान वयात मुख्य सुईण झाल्या होत्या, पण विरोधामुळे जागा सोडून अमेरिकेत आल्या आणि १८५६ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे बोस्टनला जाऊन १८६२ मध्ये त्यांनी न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रन सुरू केले. स्त्री रोग्यांना स्त्री डॉक्टर मिळावी आणि नव्या स्त्री डॉक्टरांना वॉर्डात शिकायला मिळावे, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. परिचारिकांचे शिस्तबद्ध शिक्षणही इथे लवकर सुरू झाले. अमेरिकेतल्या पहिल्या प्रशिक्षित परिचारिका मानल्या जाणाऱ्या लिंडा रिचर्ड्स इथेच तयार झाल्या, आणि पहिल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षित परिचारिका मेरी महोनी याही इथल्याच.

म्हणजे नव्या स्त्री डॉक्टरला निवासी म्हणून काम करता यावे यासाठी आधीच्या पिढीतल्या स्त्रियांना अख्खे इस्पितळ उभारावे लागले होते. आज पसंतीयादीत कॉलेजांची नावे भरताना यादी कोणी तयार केली, असा विचार कुणाच्या मनात येत नाही. यादीतली प्रत्येक जागा कधीतरी कोणीतरी भांडून, पैसा जमवून, खाटा मांडून निर्माण केलेली असते. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, भंडाऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, तेव्हा जिल्ह्यातल्या लोकांना याचा थोडाफार अनुभव आला.

बोस्टन आणि कोल्हापूर

१८८६ च्या वसंतानंतर आनंदीबाई बोस्टनच्या याच इस्पितळात काम शिकायला दाखल झाल्या. निवासी डॉक्टर हा शब्द तिथे अक्षरशः खरा होता. इस्पितळातच राहायचे, रात्री-अपरात्री उठायचे, जिने चढायचे-उतरायचे, बाळंतपणे करायची, नोंदी ठेवायच्या. चांगल्या प्रकृतीच्या माणसालाही हे काम थकवते. आनंदीबाईंची प्रकृती आधीच खालावलेली होती. खोकला, ताप आणि थकवा वाढला आणि थोड्याच दिवसांत त्यांना बोस्टन सोडावे लागले. ज्या शिक्षणासाठी त्या पदवीनंतरही अमेरिकेत थांबल्या होत्या, ते अर्धवट राहिले.

त्याच उन्हाळ्यात कोल्हापूर संस्थानाकडून नेमणुकीचा प्रस्ताव आला. तिथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवायची होती. हे इस्पितळ तेव्हा नवे होते. आज ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाते. ज्या गावातून गोपाळरावांनी अमेरिकेला पत्रे लिहिली होती, त्याच गावाने आता त्यांच्या पत्नीला डॉक्टर म्हणून बोलावले. आनंदीबाईंनी प्रस्ताव स्वीकारला.

इथे डॉक्टरांना स्वतःच्या ओळखीचा वाटेल असा पेच दिसतो. एकीकडे प्रकृती विश्रांती मागत होती. दुसरीकडे इतक्या कष्टाने मिळालेली जागा होती आणि वाट पाहणाऱ्या स्त्रिया होत्या. आजही कित्येक निवासी डॉक्टर ताप अंगावर काढतात. सुट्टी घेतली तर सहकाऱ्यांवर भार पडेल, टर्म वाढेल, वरिष्ठांचे मत बिघडेल, अशी भीती असते. दुसऱ्याचा खोकला दोन आठवडे झाला की थुंकी तपासायला सांगणारा डॉक्टर स्वतःचा खोकला दोन महिने अंगावर काढतो.

तेव्हाचा क्षय

आनंदीबाईंना झालेला आजार म्हणजे क्षयरोग. त्याविषयी त्या वेळी काय ठाऊक होते, हे पाहिले तर त्यांची अडचण समजते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला होता, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेला निघण्याच्या एकच वर्ष आधी. थुंकीतला जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीतही त्याच सुमारास निघाली. पण क्ष-किरण १८९५ मध्ये सापडले, त्यामुळे छातीचा फोटो ही गोष्टच नव्हती. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. आनंदीबाई गेल्यानंतर छप्पन्न वर्षांनी.

म्हणजे डॉक्टरांना शत्रू दिसू लागला होता, पण हातात हत्यार नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार हाच उपचार. न्यूयॉर्क राज्यातल्या सारानॅक लेक इथे डॉ. एडवर्ड ट्रुडो यांनी याच सुमारास क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. ट्रुडो यांना स्वतःला तरुण वयात क्षय झाला होता, आणि त्याआधी त्यांनी क्षयी भावाची शुश्रूषा केली होती.

क्षयाचा जंतू शिरला की आजार लगेच होतोच असे नाही. बहुतेकांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे गप्प पडून राहतो. अपुरे पोषण, अतिश्रम, दुसरा एखादा आजार यांनी प्रतिकारशक्ती घटली की तो डोके वर काढतो. दाटीवाटीच्या खोल्या आणि रोग्यांचा सततचा सहवास यांमुळे नव्याने लागण होण्याची शक्यताही वाढते. अठराव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंत आनंदीबाई याच परिस्थितीत राहत होत्या. वैद्यकीय विद्यार्थी आणि तरुण डॉक्टर आजही क्षयाच्या बाबतीत सामान्य लोकांपेक्षा अधिक जोखमीत असतात, त्याची कारणे फार वेगळी नाहीत.

९ ऑक्टोबर १८८६ रोजी आनंदीबाई आणि गोपाळराव न्यूयॉर्कहून निघाले. १६ नोव्हेंबरला ते मुंबईला पोहोचले. स्वागत झाले, सत्कार झाले, ज्यांनी टीका केली होती त्यांनीही कौतुक केले. पण जहाजातच प्रकृती आणखी ढासळली होती. कोल्हापूरला जाऊन कामावर रुजू होणे शक्य झाले नाही. पुण्यात उपचार चालू असताना २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अस्थी मावशींकडे, म्हणजे थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवलेल्या आहेत.

जागा राहिली, माणसे आली

कोल्हापूरची जागा आनंदीबाईंना घेता आली नाही. पण स्त्री डॉक्टरला बोलावून इस्पितळातला एक विभाग तिच्या हाती देता येतो, हे त्या प्रस्तावाने दाखवून दिले होते. पुढे त्याच कोल्हापुरात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी स्त्रियांची वैद्यकीय सेवा केली. बालपणी झालेले लग्न कोर्टात नाकारणाऱ्या रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि १८९५ पासून सुरतेच्या इस्पितळात त्यांनी काम केले. बंगालमध्ये कादंबिनी गांगुली यांनी आनंदीबाईंच्या पदवीच्याच वर्षी, १८८६ मध्ये, कलकत्त्यातच शिकून वैद्यकाची पात्रता मिळवली. मुंबईत स्त्रिया आणि मुलांसाठी कामा हॉस्पिटल त्याच वर्षी सुरू झाले. स्त्री डॉक्टरला काम करता येईल अशा जागा हळूहळू वाढू लागल्या.

अमेरिकेतही चित्र बदलत होते. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ मध्ये उघडले. विल्यम ऑस्लर आणि विल्यम हालस्टेड यांनी तिथे पदवीनंतर वॉर्डात राहून, टप्प्याटप्प्याने जबाबदारी घेत शिकण्याची पद्धत बसवली. आज आपल्याकडे निवासी डॉक्टरांची जी व्यवस्था आहे, तिची मुळे तिथे आहेत. १८९३ मध्ये त्याच संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश द्यावा लागला. कारण मोठी देणगी देणाऱ्या मेरी गॅरेट यांनी तशी अटच घातली होती.

आज आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मुली मोठ्या संख्येने आहेत. स्त्रीरोग आणि प्रसूतीशास्त्राच्या वॉर्डात रात्रपाळीला असणारी निवासी डॉक्टर बहुधा मुलगीच असते. मोहाडीच्या आसपासच्या खेड्यातून आलेली बाळंतीण रात्री दोन वाजता भंडाऱ्याला किंवा नागपूरला पोहोचते, तेव्हा तिला तपासणारी हीच तरुण डॉक्टर असते. आनंदीबाईंनी १८८३ च्या अर्जात ज्या मदतीची गरज लिहिली होती, ती मदत आज सरकारी इस्पितळात मिळते.

ही मदत मिळत राहायची तर ती देणारी माणसे धडधाकट राहिली पाहिजेत. आनंदीबाईंच्या वेळी क्षयावर औषध नव्हते. आज आहे, आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळी चढणारा ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, मंदावलेली भूक यांपैकी काहीही असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही ती सोय आहे. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. नियमित औषध घेतल्यास बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात आणि काही आठवड्यांतच त्यांच्यापासून इतरांना होणारा धोका कमी होतो. हे जसे शेतमजुराला लागू आहे, तसेच परीक्षेच्या तयारीसाठी रात्री जागणाऱ्या इंटर्नला आणि सलग ड्युटी करणाऱ्या निवासी डॉक्टरलाही लागू आहे.

ज्यांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी फोनवर क्रमांक किती आला, कोणती जागा मिळाली, हे विचारावेच. त्याबरोबर जेवण वेळेवर होते का, वजन किती आहे, खोकला किती दिवसांचा आहे, हेही विचारावे. मिळालेल्या जागेवर ठरलेल्या मुदतीतच रुजू व्हावे लागते, पण म्हणून आजार अंगावर काढू नये. टर्म लांबली तर पुढे भरून काढता येते. आजारपण लपवून काम रेटण्याची आज कोणालाच गरज नाही.